घोरपडीचा रुमाल

"मानवजातीला आजवर दोनच खऱ्या देणग्या मिळाल्या. अग्नी आणि संगणक," प्राचार्य अष्टपुत्रे उभे राहून म्हणाले. "पहिलीनं लंका जळली. दुसरी आपण त्या वातानुकूलित खोलीत तळहातावरच्या फोडासारखी जपली. आणि आज मला अत्यंत जड अंतःकरणानं सांगावं लागतंय, की आपल्या संगणकात घोरपड शिरली आहे."

वर्कशॉपचे तांबवेकर खुर्ची मागं सारून उठले.

"सर, पोतं आहे माझ्याकडं. मागनं जाऊन मानेला धरायची असते."

"बसा, तांबवेकर."

"नाही, शेपटीचा तडाखा बसला तर माणूस—"

"बसा!"

तांबवेकर बसले. चेहरा अगदी निष्पाप. मला तिथंच त्यांचा पहिला संशय आला. कारण घोरपड म्हणजे काय हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. घोरपड म्हणजे कोण, एवढंच ठाऊक नव्हतं.

आता ह्याला बरीच वर्षं झाली. आमचं तंत्रनिकेतन नदीकाठच्या एका तालुक्याच्या गावी होतं. मी तिथं संगणकाचा अध्यापक होतो, पण तात्पुरता. कायम कोणाला करायचं हे संस्थेचे सचिव आबासाहेब जाचक ठरवत, आणि येत्या सोमवारच्या सभेत माझा विषय होता. घरी थकलेले वडील, लग्नाची बहीण आणि गावात दुसरं तंत्रनिकेतन नाही, एवढ्या भांडवलावर मी त्या सोमवारची वाट पाहत होतो.

संगणक एकच होता, कपाटाएवढा. त्याला आठ पडदे आणि आठ कळफलक जोडलेले. चित्रं नाहीत, उंदीर नाही. काळ्या पाटीवर हिरवी अक्षरं, बस्स. यंत्र विकणाऱ्या कंपनीनं एका वेळी आठच माणसांना आत घ्यायची परवानगी दिली होती. नववा आला की यंत्र त्याला इंग्रजीत सांगे, जागा नाही.

त्या यंत्रावर मी दिवाळीच्या सुट्टीत एक खेळ लिहिला. नाव 'बुरुज'. त्या काळी यंत्राला देवनागरी येत नसे, म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं. तुम्ही गड चढताय. पडद्यावर ओळ उमटते, 'उजवीकडून पहारेकरी धावून आला. त्यानं भाला उगारला.' तुम्ही लगेच 'वाक' किंवा 'उडी' किंवा 'वार' असा शब्द टंकायचा. शब्द चुकला किंवा बोट अडखळलं, की पुढची ओळ येई, 'तुमचं मुंडकं दरीत पडलं. आवाज उशिरा आला.' सगळी धुमश्चक्री अक्षरांत. पण गंमत अशी, की चित्र नसल्यामुळे ज्याला जो शत्रू हवा तो त्याला दिसे. अनेकांच्या वारांत मला वरिष्ठांबद्दलची तळमळ जाणवली.

खेळ मी यंत्रावर सर्वांना खुला ठेवला. आठांपैकी कुठल्याही पडद्यावरून हवं ते टोपणनाव आणि एक गुप्त खूण देऊन गडावर शिरता येई, आणि गडावर एकमेकांची गाठ पडे. मी स्वतः 'किल्लेदार' होतो, आणि हा किल्लेदार कोण ते कुणालाही सांगितलं नव्हतं. तात्पुरत्या माणसानं सुट्टीत सुद्धा मजा केल्याचं दिसू नये, हा नोकरीतला पहिला नियम.

महिनाभरात गडावर वस्ती झाली. 'भवानी' होती, 'कर्दनकाळ' होता, 'मुकाट' नावाचा एकजण होता, तो भयंकर आरडाओरडा करी. स्टाफरूममध्ये मात्र ह्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नसे. गणिताच्या शेवडेबाईंनी एकदा चहा पिताना अचानक "वाक!" म्हटलं आणि लगेच "वाकळ उसवलीय घरची," म्हणून सारवलं. सगळ्यांनी वाकळीची चौकशी केली.

मग तक्रारी येऊ लागल्या. गडाच्या पायथ्याशी मी निरोप लिहायची एक जागा ठेवली होती. तिथं भवानीनं लिहिलं, 'किल्लेदार, तासाला जावं लागतं. परत येईपर्यंत दुसरा जागेवर बसतो. शिवाय मुंडकं जातं ते वेगळंच.' तक्रार रास्त होती. आणि ह्यावर उपाय शोधताना मला, एसटीनं हिंडत वाढलेल्या माणसाला, जे सुचायचं तेच सुचलं. मी नवी आज्ञा केली: 'रुमाल'.

'रुमाल' एवढं टंकायचं आणि खुशाल तासाला जायचं. तुमच्यावर कुणी वार करू शकणार नाही, तुमची जागा कुणी घेणार नाही. मी कामात चोख होतो. वीज गेली, यंत्र बंद पडलं, पुन्हा सुरू केलं, तरी रुमाल जिथल्या तिथं. फक्त दुसऱ्याचा रुमाल उचलायची सोय मी केली नाही. विसरलो असं नाही, ती कल्पना मनातच आली नाही. आपल्याकडं माणूस दुसऱ्याचा बांध कोरतो, पण सीटवरचा रुमाल उचलत नाही.

परिणाम व्हायचा तो झाला. शुक्रवारी दुपारी गडावर आठ रुमाल पसरलेले होते आणि माणूस एकही नव्हता. शनिवारी आबासाहेब येणार होते. संस्थेतला विरोधी गट गावभर सांगत होता, की सचिवांनी आणलेल्या आठ पडद्यांपैकी एकही चालत नाही. म्हणून आबासाहेबांना आठच्या आठ पडद्यांवर विद्यार्थ्यांच्या प्रवेशाचा आमचा कार्यक्रम एका वेळी चालताना स्वतः बघायचा होता. प्राचार्य शुक्रवारी रंगीत तालमीला गेले, तर यंत्र म्हणालं, जागा नाही. त्यांनी आत कोण आहे त्याची यादी मागितली. आठ टोपणनावं आली. सर्वांत वर, सर्वांत आधी जागा धरून बसलेली, घोरपड.

पुरावा नष्ट होऊ नये म्हणून त्यांनी खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली बंडीच्या खिशात घातली. माझी तिथंच पंचाईत झाली. खेळ उघडून, दुरुस्त करून सगळे रुमाल गोळा करायला मला निवांत अर्धा दिवस हवा होता, आणि आता खोलीच हाती नव्हती.

"मी पोलीस नाही," शनिवारच्या त्या सभेत प्राचार्य म्हणाले. "मला नावं नकोत. आपण एक करू. प्रत्येकानं एकेकट्यानं आत जायचं, दार लावून घ्यायचं, आणि आपला रुमाल असल्यास उचलून बाहेर यायचं. कुणी कुणाला विचारायचं नाही. सेवाज्येष्ठतेनुसार."

"आणि ज्याचा रुमालच नाही त्यानं?" शेवडेबाईंनी विचारलं.

"त्यानंही जायचं. म्हणजे ज्याचा आहे त्याला संकोच वाटणार नाही."

"मग मी जाईन. तुम्ही म्हणता म्हणून."

"मीही," तांबवेकर म्हणाले. "एसीत जरा बरं वाटेल."

"पहिला मी जातो," प्राचार्य म्हणाले. "मला काही उचलायचं नाहीये. पायंडा पडावा म्हणून."

ते आत गेले. आम्ही व्हरांड्यात रांगेनं उभे राहिलो. पायंडा पाडायला बराच वेळ लागत होता. आतून कळफलकाचा आवाज येत होता, एका बोटाचा, पण आवेशाचा. मधेच स्पष्ट ऐकू आलं, "अरे हरामखोरा!"

आम्ही सगळे समोरच्या अशोकाच्या झाडाकडं बघू लागलो.

"किती उंच वाढलंय," शेवडेबाई म्हणाल्या.

प्राचार्य कपाळ पुसत बाहेर आले. "आत काही विशेष नाही. म्हणजे, मला काही दिसलं नाही. पुढचे या."

एकेकजण आत जाऊन येत होता. आत जाताना चेहऱ्यावर निरागसपणा आणि बाहेर येताना मुंजीतून उठल्यासारखा सात्त्विकपणा. शेवडेबाई माझ्या शेजारी सरकल्या आणि पदर तोंडाशी नेऊन म्हणाल्या, "हुपरीकर, तुम्ही संगणकवाले. तुम्हाला ठाऊक असणार."

"काय?"

"घोरपड कोण ते. माझा तांबवेकरांवर डोळा आहे. सकाळी कसे पोत्याबद्दल बोलत होते! ज्याला ठाऊक नसतं तो इतकं खोलात जात नाही."

"यंत्र नाव सांगतं बाई. माणूस सांगत नाही."

"आणि किल्लेदार?"

"त्याचं काय?"

"मेल्यानं तिसऱ्या दरवाज्यावर असला राक्षस बसवलाय, की कुणी म्हणून—" बाई थांबल्या. "असं पोरं म्हणत होती. मला काय माहीत."

त्या आत गेल्या. लगेच मागून तांबवेकर आले.

"काय म्हणत होती भवानी?"

"भवानी?"

"बाई हो. काय म्हणत होत्या शेवडेबाई?"

"तुमच्यावर संशय आहे म्हणाल्या."

"माझ्यावर?" तांबवेकर दुखावले. "हुपरीकर, मी साधा माणूस. मला घोरपडच व्हायचं असतं तर मी घोरपड नाव घेतलं असतं का? माझा संशय सांगू? अष्टपुत्रे."

"प्राचार्य?"

"हळू! मघाशी ऐकलंत ना? असा शब्द पायंडा पाडताना येतो का तोंडात? आणि खरं सांगू का, आम्ही काहीजण तुमच्याबद्दल बोलत होतो."

"काय?"

"की हा सचिवांचा माणूस असेल. कायम व्हायचंय, म्हणून आतल्या बातम्या पुरवत असेल. मी म्हटलं, छे, इतका हुशार नाही तो."

मी त्यांचे आभार मानले.

सर्वांत कनिष्ठ म्हणून माझी पाळी शेवटी आली. खोलीत गारवा होता आणि यंत्राची एकसुरी घरघर. मी 'किल्लेदार' म्हणून गडावर गेलो. माझाही एक रुमाल होता, बालेकिल्ल्यावर. तो उचलला. मग गडावर उरलेले रुमाल मोजले. एकच उरला होता, तिसऱ्या दरवाज्यासमोर. घोरपडीचा.

म्हणजे आत येऊन गेलेल्यांपैकी कुणीतरी एकजण इथं ह्याच खुर्चीत बसला, आणि त्यानं शांतपणे काहीही केलं नाही. बाहेर येऊन सात्त्विक चेहरा करून उभा राहिला. आबासाहेब यायला फारसा अवकाश नव्हता. सात पडदे चालणार आणि आठवा म्हणणार, जागा नाही. विरोधी गटाला दुसरं काय हवं होतं? आबासाहेब आधी संगणकशाखा बंद करणार आणि त्याच्याही आधी मला. माझा मीच केलेला गड, आणि त्यातल्या एका परक्या फडक्यापुढं मी हात बांधून बसलो होतो.

मी बाहेर आलो.

"झालं सगळं मोकळं?" प्राचार्यांनी विचारलं.

"एक राहिलाय सर."

"कुणाचा?"

"घोरपडीचा."

व्हरांड्यात प्रत्येकानं दुसऱ्याकडं बघितलं. शेवडेबाईंनी तांबवेकरांकडं, तांबवेकरांनी प्राचार्यांकडं. प्राचार्यांनी चष्मा काढून माझ्याकडं बघितलं, म्हणजे बहुधा कुणाकडंच नाही.

"मी सौजन्यानं वागलो," प्राचार्य म्हणाले. "मी कुणाचं नाव मागितलं नाही. आणि तरी आपल्यातला एकजण—"

"सर, तुमचा उचललात ना नक्की?" तांबवेकर म्हणाले.

"तांबवेकर!"

"नाही, गडबडीत राहतो कधी."

"माझा होता हे तुम्हाला कुणी सांगितलं? मी... तुमचा तरी उचललात का?"

"माझा कर्दनकाळाचा होता. उचलला. शपथ घेतो हवी तर."

"म्हणजे माझं मुंडकं दोनदा तुम्ही उडवलंत?" शेवडेबाई उसळल्या. "पाठीमागनं?"

"बाई, तुम्ही पाठमोऱ्या उभ्या होता. मला वाटलं पहारेकरी."

भांडण रंगणार, इतक्यात फाटकातून जीप आत आली. सगळे एकदम रांगेत उभे राहिले. आबासाहेब उतरले. धोतर, काळा कोट, हातात पानाची चंची. माणूस आडवा आणि मिशा त्याहून आडव्या. आमच्या नमस्कारांना त्यांनी मिळून एक मान हलवली.

"चला. दावा तुमचं यंत्र."

मी पडदे एकेक करून सुरू करत गेलो. सातांवर प्रवेशाचा कार्यक्रम लख्ख उमटला. विद्यार्थ्याचं नाव टाका, गुण टाका, यादी तयार. आबासाहेब पाठीमागं हात बांधून प्रत्येक पडद्यासमोर थांबत होते, घोड्याचे दात बघावेत तसे. आठव्यापाशी येऊन थांबले.

"ह्ये?"

मी प्राचार्यांकडं बघितलं. प्राचार्य यंत्राकडं बघत होते.

"त्यावर, आबासाहेब," प्राचार्य म्हणाले, "जागा धरलेली आहे."

"कुणी?"

"तांत्रिक बाब आहे."

"तांत्रिक बाबीला नाव असंलच की. कुणी धरली?"

प्राचार्यांचा आवाज चिमणीएवढा झाला. "घोरपडीनं."

मला वाटलं, आता छप्पर उडणार. आबासाहेबांनी चंची उघडली, बंद केली. काळा कोट नीट केला. खिडकीबाहेर बघितलं.

"सगळी सकाळपास्नं उभी हाईसा," ते म्हणाले. "जावा, च्या घ्या."

"आबासाहेब, आधी हे—"

"च्या घ्या म्हणतो. आम्ही थांबतो हितं. यंत्र कुठं पळून जातंय व्हय? हुपरीकर, तुम्ही बी जावा. दार लावून घ्या."

आम्ही कँटीनमध्ये जाऊन चहा घेतला. तांबवेकरांनी बशीत ओतलेला चहा तसाच गार होऊ दिला. "मरतंय आता कुणीतरी," एवढंच ते म्हणाले.

परत आलो तेव्हा आबासाहेब खिडकीपाशी पाठमोरे उभे होते.

"बगा आता."

मी आठव्या पडद्यासमोर बसलो. कळफलकावर सुपारीचं एक कातरलेलं खांड पडलेलं होतं. मी ते हलकेच बोटानं बाजूला सारलं आणि कार्यक्रम सुरू केला. लागला. आठच्या आठ पडदे हिरवेगार झाले.

माझ्या खांद्यावरून प्राचार्य बघत होते, तांबवेकर बघत होते, शेवडेबाई बघत होत्या. ते खांड सगळ्यांनी बघितलं. आणि मग सगळ्यांना एकदमच आठवलं असणार, की गेले कित्येक शनिवार आबासाहेब अचानक तपासणीला येत, सगळ्यांना बाहेर काढत आणि "आम्ही जरा यंत्राची परीक्षा घेतो," म्हणत ह्या खोलीत एकटेच बसत. आम्ही त्याला करडी नजर म्हणत होतो.

"कसं काय झालं हो, आबासाहेब?" तांबवेकरांनी विचारलं. त्यांचा चेहरा पुन्हा सकाळसारखा निष्पाप झाला होता.

"यंत्र हाय. धाक पायजे," आबासाहेब म्हणाले. मग त्यांनी आवाज चढवला. "आणि आता ऐका. संस्थेच्या यंत्रावर खेळ मांडलाय कुणीतरी. त्यो किल्लेदार का कोण हाय, त्येचं नाव मला सोमवारच्या सभेआधी पायजे. खेळ आजच्या आज पुसून टाका. शिस्त म्हणून काय चीज हाय का न्हाई?"

"आहे," आम्ही सगळे म्हणालो.

"हुपरीकर, जीपपतोर चला माझ्यासंगं."

व्हरांड्यातून जाताना माझ्या पाठीवर सगळ्या स्टाफची नजर मला जाणवत होती. जिन्याखाली तांबवेकर कुजबुजले ते मी ऐकलं, "बघा, म्हटलं नव्हतं? सचिवांचाच माणूस." अशोकाच्या सावलीत जीप उभी होती. आबासाहेबांनी ड्रायव्हरला पान आणायला पिटाळलं. मग चाकावर एक पाय ठेवून उभे राहिले.

"तिसऱ्या दरवाज्यावर एक पहारेकरी हाय," ते म्हणाले.

मी जीपचा नंबर वाचू लागलो.

"मिशाळ. आडव्या अंगाचा. वार कराय गेलं की म्हणतंय, 'बघू. आधी अर्ज करा.' आणि मुंडकं उडवतंय."

"असं असेल, आबासाहेब. मी काही—"

"'बघू, आधी अर्ज करा,' हे आख्ख्या तालुक्यात कोण म्हणतंय, हुपरीकर?"

चाकाजवळ एक मुंगळा चालला होता. मी त्याच्याकडं बघत राहिलो. त्याला नोकरी नव्हती.

"बोला की."

"आपण."

"आम्ही. कॉलेजच्या मासिकात गेल्या साली संस्थेच्या वाढदिवसाचा लेख तुमचाच हुता न्हवं? त्यात बी आमच्यावर हीच मखलाशी. वरनं स्तुती, आतनं चिमटा. तवाच वळखलं. तिसऱ्या दरवाज्यावर पयल्यांदा गेलो, त्या शनिवारीच म्हटलं, किल्लेदार म्हंजे हुपरीकर."

"म्हणजे आपल्याला आधीपासून ठाऊक होतं?"

"मग? सचिव उगंच हाय व्हय? बसून ऱ्हायलो. म्हटलं, मारतोच ह्येला. एकदा मारू, मग बोलू." त्यांनी मिशीवरून पालथा हात फिरवला. "मरत न्हाई त्यो."

त्यांचा आवाज रागावलेला नव्हता. त्यात काहीतरी दुखल्यासारखं होतं. माझ्यासमोर त्या क्षणी थकलेले वडील, बहीण आणि सोमवार, तिघंही ओळीनं उभे होते.

"आबासाहेब, खेळ आजच पुसतो. पुन्हा असं होणार नाही."

"सोमवारी सभा हाय."

"हो."

"तुमचा इषय हाय त्यात. विरोधी गट म्हणणार, कशाला पायजे संगणकवाला? आम्ही काय बोलायचं ते आम्ही अजून ठरवलं न्हाई."

"हो."

ड्रायव्हर पानाची पुडी घेऊन फाटकातून येताना दिसला. आबासाहेब झटकन पाय खाली घेऊन माझ्या जवळ सरकले. चुन्याचा वास आला.

"भाच्यानं म्हमईवरनं एक संगणक आणून दिलाय घरी. आईसाहेबांनी त्याच्यावर विणलेलं झाकण घातलंय, त्येच्यावर फुलदाणी ठिवलीया. टेलिफोन बी हाय. त्या टेलिफोनवरनं ह्ये हितलं यंत्र घरात लागतं का?"

"लागतं," मी म्हणालो. "एक छोटा डबा लागेल, तो आपल्याकडं आहे. आणि वायर."

"मग पुसू नका," आबासाहेब इकडं-तिकडं बघत म्हणाले. "उद्या सकाळी वायर घेऊन घराकडं या. आणि आमच्या मंडळींनी इचारलं, तर टीव्हीचा अँटेना हालवायला आलोय, एवढं म्हणा."